पुठ्ठीचं पथ्य

"घरात हिला अजून कोण खायला घालतं?" डॉक्टरीणबाईंनी वजनकाट्यावरची नजर न काढता विचारलं, आणि मी "कोणीच नाही" म्हणाले. प्रश्न साधा होता, त्या तो दिवसभर दर मांजरीमागे विचारत असणार. पण बाबा गेल्यापासून हे दोन शब्द मी मोठ्याने उच्चारले नव्हते. घरी कोण असतं, असं कुणी विचारलं की मी "मांजर असते" म्हणून मोकळी होते. लोक हसतात, विषय बदलतो. आता विचारणं मांजरीबद्दलच होतं, त्यामुळे ती सोयही राहिली नाही. काट्यावर पुठ्ठी चारही पाय पोटाखाली घेऊन बसली होती. पाठीचा कणा वरून मोजता येईल इतका वर आलेला, आणि तोंडावर मात्र इथे मी स्वखुशीने आले आहे असा भाव. पुठ्ठी हे नाव बाबांनी ठेवलं. बाबा बुकबाइंडर होते. त्यांच्या दुकानाच्या मागच्या दाराशी पुठ्ठ्याच्या कातरणांचा ढीग असायचा, त्यात एक पिल्लू येऊन झोपलं. रंग अगदी कच्च्या पुठ्ठ्याचा, त्यामुळे ते कुणाला दिसलंच नाही, आणि बाबा कातरणांबरोबर त्याला पोत्यात भरता भरता राहिले. "आज रद्दीच्या भावात गेली असतीस, पुठ्ठे," असं ते तिला पुढे कितीतरी वेळा ऐकवायचे, विशेषतः ती एखाद्या ताज्या शिवलेल्या पुस्तकावर जाऊन बसली की.

"परत उतरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाईसाहेब, खाता कुठे आणि जातं कुठे?" हे पुठ्ठीला. मग माझ्याकडे वळून, आवाज जरा खाली आणून: "हे बघा, आतड्याला सूज आहे हे आपल्याला मागेच कळलंय. सूज उतरवणारी गोळी झाली, तिचा डोस वाढवून झाला, वर दुसरी, हातमोजे घालून द्यायची कडक गोळी दिली, इंजेक्शनं चालू आहेत. एवढ्यावर दुखण्याने ऐकायला हवं होतं. ऐकत नाहीये. मग दोनच गोष्टी उरतात. एक म्हणजे, हा आता तो आजार राहिलेला नाही. ही सूज आणि आतड्यातला कॅन्सर सख्खे शेजारी आहेत, मधली भिंत अर्ध्या विटेची. पलीकडे काय चाललंय ते बघायचं तर पुन्हा भूल देऊन आतड्याचा तुकडा तपासायला काढावा लागेल. आणि एवढ्याशा जिवाला भूल द्यायचं माझ्या तरी जिवावर येतं." मी विचारलं, "आणि दुसरी?" "दुसरी म्हणजे पथ्य मोडतंय." "मोडत नाही. त्या डब्यातल्या खाण्याशिवाय तिच्या तोंडात काही जात नाही." "सगळे हेच सांगतात हो. एक आजोबा होते, शपथेवर सांगायचे, आणि शपथ घेताना त्यांच्या खिशातून बिस्किटाचा चुरा माझ्याच टेबलावर सांडायचा." त्यांनी पुठ्ठीच्या मानेखाली बोट घालून हलकेच खाजवलं. "सोमवारपर्यंत विचार करा. भूल द्यायची की आहे तसं सुखाने जितकं जाईल तितकं जाऊ द्यायचं. आणि तोवर एक दिवस रजा काढून घरी बसा, ही काय काय करते ते बघा. प्रेमाने नको. पोलिसासारखं बघा."

घरी येताना बसमध्ये टोपली मांडीवर होती. टोपलीच्या जाळीतून पुठ्ठीचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता, त्याला आजारी पोटाचा आंबट वास होता. बाबांनी तिला पहिल्यांदा याच टोपलीतून डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते मला फोनवर म्हणाले होते, "पोटाचं काहीतरी निघालंय. बरं व्हायचं नाही म्हणतात, पण सांभाळता येतं. माझ्या गुडघ्यासारखं." आणि त्यांनी सांभाळलं. पथ्य म्हणजे पथ्य. ज्या माणसाने स्वतःच्या साखरेचं पथ्य उभ्या जन्मात एक आठवडा पाळलं नाही, त्याने मांजरीपुढे दुधाचा थेंब येऊ दिला नाही. त्या डब्यातल्या खाण्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात म्हणे, की शरीराला ती ओळखूच येत नाहीत आणि ते चवताळून उठत नाही. बाबांना ही कल्पना फार आवडली होती. "म्हणजे पानं सुटी करून द्यायची. पुस्तक कुठलं ते कळताच कामा नये." गोळी द्यायची त्यांची पद्धतही बाइंडरचीच. पुठ्ठीला आपल्या एप्रनमध्ये मानेपर्यंत गुंडाळायचं, काखेत, पुस्तक दाबायच्या शिकंज्यात धरल्यासारखं धरायचं, जबड्याच्या कोपऱ्यात अंगठा, गोळी आत, आणि ती गिळेपर्यंत तिच्याशी दुकानातल्या गिऱ्हाइकांची निंदानालस्ती करायची. तेव्हा ती बरी नव्हती, पण उभी होती. आठवड्यातले बरेच दिवस नीट खायची, उडी मारून कटिंग मशीनवर चढायची. हॉस्पिटलमधून बाबांचा शेवटचा फोन आला तोही याचसाठी. "ती दुसरी गोळी हातमोजे घालून देतेस ना?" "हो बाबा." "बरं." एवढंच. त्या 'बरं'मध्ये पुढचं काही असेल असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि खरं तर काही नव्हतंही. मी ते उगाच पुन्हा पुन्हा उघडून बघते.

दुकान दादाने आणि मी मिळून रिकामं केलं. दादा माझा थोरला भाऊ, तो विमानाने आला आणि विमानाने गेला, पण मधल्या दिवसांत खूप राबला. मशीनं गेली, कागद गेला. मी माझ्या फ्लॅटवर फारसं काही आणलं नाही असं मला वाटत होतं. बाबांनी बांधलेली पुस्तकं आणली, तीही माझीच होती. माझी शाळेतली, कॉलेजातली, सेकंडहँड घेतलेली, फाटली की मी दुकानात टाकायची आणि ते दुसऱ्या कुणाचं काम असल्यासारखी ओळीत लावून, पाळी आल्यावरच बांधून द्यायचे. "घरचं गिऱ्हाईक सगळ्यात शेवटी. फुकट्यांना घाई नसते." ती पुस्तकं मी बैठकीच्या खोलीतल्या उघड्या मांडणीत खालच्या दोन फळ्यांवर लावली, कारण पुठ्ठीची गादी तिथेच होती आणि तिला ओळखीचं काही तरी जवळ असावं. आणि त्यांचा एप्रन आणला. तो घडी होत नव्हता. वर्षानुवर्षं हात पुसून पुसून पोटावरचा भाग पुठ्ठ्यासारखा कडक झालेला, उभा केला तर भिंतीला टेकून उभा राहील असा. तो मी पुठ्ठीच्या गादीवर अंथरला. ती लगेच त्यावर गोल फिरून बसली, नाक खाली खुपसलं, आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच मला बरं वाटलं. एक चांगलं काम हातून झालं असं.

ती पुढे तासन्‌तास तिथेच असायची. कधी एप्रनवर, कधी मांडणीपाशी, पुस्तकांच्या पाठींना तोंड लावून. मी हे दादाला फोनवर सांगितलं. "ती बाबांची आठवण काढते रे. त्यांच्या पुस्तकांना तोंड लावून बसते." "मांजर आठवण काढत नाही," तो म्हणाला. "तू काढतेस. मांजर बसते." "तुला काय माहीत?" "मला काही माहीत नाही. मला एवढंच दिसतंय की तुझी रजा, तुझी झोप, तुझं जेवण सगळं त्या मांजरीच्या पोटात चाललंय आणि तिथूनही ते टिकत नाहीये." मी रागावले. तो म्हणाला, "अगं, मी वाईट म्हणून बोलत नाही." मग मला त्याचं नाक ओढणं ऐकू आलं. आमच्याकडे कुणी रडत नाही, सर्दी होते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून मी गुरुवारी रजा घेतली, म्हणजे काम घरी आणलं. माझं काम सूची करण्याचं. जाड पुस्तकाच्या शेवटी विषय आणि नावं पानांच्या आकड्यांसकट येतात, ती मी करते. बाबा म्हणायचे, "मी पुस्तकाची पाठ बघतो, ही शेपूट. मधलं कोण वाचतं कुणास ठाऊक." मधलं मी वाचायची, आणि हे त्यांना माहीत होतं. लहानपणी शाळा सुटल्यावर मी दुकानात जायची आणि बांधायला आलेलं जे हाताला लागेल ते वाचायची. कायद्याची पुस्तकं, कुक्कुटपालन, कुणाचा तरी न छापलेला प्रबंध. पुष्कळदा शेवटची पानं शिवायला गेलेली असायची, त्यामुळे मला बऱ्याच गोष्टींचे शेवट माहीत नाहीत. आणि त्या सगळ्यावर, पुस्तकांच्या पाठी ज्याने चिकटवायच्या त्या सरसाचा वास. बाबा रात्री सरसाचे तपकिरी, काचेसारखे तुकडे पाण्यात भिजत घालायचे. सकाळी ते फुगून मऊ, थरथरते झालेले असायचे. मग एका भांड्यात पाणी, त्यात ते छोटं भांडं, खाली मंद आच. "उकळला की मेला," ते बजावायचे. आई होती तेव्हा म्हणायची, या माणसाशी लग्न म्हणजे ओल्या बुटाशी लग्न. खरंच तसाच वास होता, ओल्या चामड्याचा, पण त्याच्या तळाशी काहीतरी गोडसर, उबदार, एखाद्या मोठ्या जनावराच्या कुशीत तोंड घातल्यासारखं. बाजारात पांढरा तयार गोंद आला तेव्हा सगळ्यांनी तो घेतला. बाबांनी नाही घेतला. "तो सुटत नाही. सरस पाण्याने सुटतो. उद्या कुणाला हे पुस्तक दुरुस्त करायचं असेल तर त्याला वाट ठेवायला नको?" संध्याकाळी दुकान बंद करताना ते हात पुढे करायचे आणि मी त्यांच्या बोटांवरची वाळलेली सरसाची साल सोलायची. नीट सोलली तर अख्खी निघायची, पातळ, पारदर्शक, आणि उजेडासमोर धरली की तिच्यावर त्यांच्या अंगठ्याच्या सगळ्या रेषा. मी मोठी झाल्यावर ते काम पुठ्ठीकडे गेलं. ती सोलत नसे. चाटायची. ते खुर्चीत टेकून, डोळे मिटून हात खाली सोडून बसायचे आणि ती एकेक बोट स्वच्छ करायची. "बघ, तुझ्यापेक्षा हिचं काम साफ आहे."

हे मी तेव्हा आठवत नव्हते. तेव्हा मी खिडकीशी टेबलावर, धरणांवरच्या एका पुस्तकात 'गाळ' हा शब्द कुठे कुठे येतो ते बघत होते. खोलीत दुपारचा उजेड होता. मागून एक आवाज येत होता, आणि तो किती वेळ येत होता हे मला सांगता येणार नाही, कारण तो आवाज माझ्या घरात नेहमीच असतो. खरखर, थांबणं, खरखर. लाकडावरून बारीक पॉलिशपेपर फिरवावा तसा. मांजर अंग चाटते आहे असं मी धरून चालले होते, आणि धरून चाललेलं माणूस बघायला जात नाही. पोलीस जातो. मी मान वळवली. पुठ्ठी अंग चाटत नव्हती. ती मांडणीपुढे बसून, मान तिरकी करून, माझ्या कॉलेजातल्या एका जाड पुस्तकाची पाठ खालून वर चाटत होती, डोळे अर्धे मिटून, मन लावून. मी उठून जवळ गेले तरी थांबली नाही. खालच्या फळीवरच्या सगळ्या पाठींचं कापड फिकट, केसाळ झालेलं होतं. मला ते दिसलं नव्हतं असं नाही. जुनं झालं की होतं, असं मी मानलं होतं. एका पुस्तकाची तर पाठ पूर्ण सुटली होती आणि आतली शिवण उघडी पडली होती. बाबांची शिवण मी कधी अशी निरखून पाहिलेली नव्हती. ती शेवटी सरसाखाली जायची, कापडाखाली जायची, कुणाला दिसायचीच नाही. एकसारखे, तिरके, पांढरे टाके, प्रत्येक गाठीशी दोऱ्याचं टोक कुंच्यासारखं पिंजून चपटं केलेलं. दिसणार नाही अशा जागी एवढं कशाला? मी तिथे जमिनीवर बसले. पुठ्ठी पुस्तकावरून एप्रनवर गेली, फिरली, खिशाच्या कडेशी आली आणि तिथे पुन्हा खरखर सुरू. ती जागा तिने आधीच पुष्कळ चाटली होती. खिशाचा कडकपणा जाऊन तेवढाच भाग कापडासारखा झाला होता.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. "सरस म्हणजे?" त्या म्हणाल्या. मी सांगितलं, कातडी, हाडं, शिरा उकळून करतात तो, पुस्तकं चिकटवायचा. "अहो, म्हणजे वाळवलेलं सूपच झालं की ते! आणि कातडी कुणाची?" "गुरांची. बहुतेक." "आणि हे ती किती दिवस चाटतेय?" मी म्हणाले, "माझ्याकडे आल्यापासून रोज. दिवसभर. त्याआधी... त्याआधी बाबांच्या बोटांचा." "तुमच्या बाबांना मी इतक्यांदा विचारलं, दुसरं काही देता का. ते छातीवर हात ठेवून नाही म्हणायचे." "ते खरंच सांगत होते," मी म्हणाले. आमच्या घरात सरस ही खायची वस्तू आहे असं कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. छातीवर ठेवलेल्या त्या हातालाही तो लागलेला असणार. "नक्की हेच, असं मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पलीकडची शक्यता आहे तिथेच आहे. पण भुलीचं सोमवारी ठरवायचं ते आपण पुढे ढकलू. ते सगळं तिच्या समोरून काढा. सगळं. पुस्तकं कपाटात, आणि तो एप्रन एक तर टाका, नाही तर कढत पाण्यात धुवा. वास राहता कामा नये. वास राहिला तर ती शोधत बसेल." मग त्या म्हणाल्या, "कळतंय ना?" मी म्हणाले, कळतंय.

पुस्तकं कपाटात ठेवायला वेळ लागला नाही. एप्रन मी बाथरूममध्ये नेला आणि तो हातात धरून बराच वेळ नुसती उभी राहिले. बाबांचं जे काही होतं त्यातलं हे एकच न धुतलेलं. शर्ट धुतले गेले, चादरी धुतल्या गेल्या, हॉस्पिटलने तर त्यांनाच धुऊन आमच्या हवाली केलं. मी किती वाचलं आहे, आणि त्या वाचण्यातून मला मांजरीच्या जिभेत विरह तेवढा दिसला. जितकी ती खंगत गेली तितकी ती पुस्तकं मी तिच्या जवळ सरकवत गेले. दादाचं खरं होतं, मांजर बसते. पण अगदी सगळंच खरं नव्हतं. बाबांची चव तिला लागत होती हेही खोटं नाही. ते अजून तिला भरवत होते. रोज, थोडं थोडं, त्यांच्या पद्धतीने, आणि ती त्यानेच मरत होती.

बादलीत कढत पाणी सोडलं आणि एप्रन त्यात दाबला. आधी तो बुडायला तयार होईना, फळीसारखा वर येत राहिला. मग एकदम सैल पडला. आणि वास आला. मला वाटलं होतं थोडासा येईल. सगळं दुकान आलं. मंद आच आली, कातरणांची धूळ आली, शिवणयंत्राचं तेल, खिडकीच्या गजांतून शाळा सुटल्यावर पडणारं तिरकं ऊन, दप्तर उतरवल्यावर खांद्याला लागणारी हवा, "हात नको लावू, ओलं आहे" हा आवाज. मी बादलीवर वाकले. आणि बाहेर दारावर नखं वाजली. पुठ्ठी ओरडायला लागली. कित्येक दिवसांत तिने तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. डब्यातलं खाणं पुढे ठेवलं की नाइलाज झाल्यासारखी चार घास खायची आणि निघून जायची. आता ती पूर्ण गळ्याने, भुकेल्या, जिवंत मांजरीच्या आवाजात मागत होती. दाराच्या फटीतून तिचा पंजा आत आला, वळला, हवेत काही तरी धरायला गेला. आत मी, बाहेर ती, आणि आम्हाला दोघींना एकच हवं होतं. "नाही गं," मी म्हणाले. "नाही मिळायचं ते." पाणी तपकिरी झालं होतं, पातळ चहासारखं. एप्रन मी चोळला, पिळला, पुन्हा कढत पाणी घेतलं, पुन्हा चोळला. दर पाण्याला रंग उतरत गेला आणि वास लांब लांब जात राहिला, गल्लीच्या टोकापर्यंत, मग टोक वळून. एका पाण्यानंतर तो आहे की मला नुसता आठवतो आहे हे सांगता येईना. मी आणखी एक पाणी घेतलं. खिडकी उघडली, फरशी साबणाने घासली, आणि मगच दार उघडलं. पुठ्ठी आत आली, बादलीभोवती फिरली, मोरीच्या जाळीपाशी नाक नेलं, आणि बाबा आत्ताच तिला टाकून गेल्यासारखं माझ्याकडे असं पाहिलं की मला बाबांची बाजू घ्यावीशी वाटली.

दोन दिवस तिने मला माफ केलं नाही. रिकाम्या फळीपुढे जाऊन बसायची. मीही तिकडे फार बघत नव्हते. मग एका सकाळी ती डब्यातलं खाणं संपवून रिकामी वाटी फरशीवरून ढकलत माझ्या पायापर्यंत घेऊन आली. गोळ्या सुटल्या नाहीत, सुटणारही नाहीत. वाईट दिवस येतात, तेव्हा ती पलंगाखाली जाते आणि मी तिथे जमिनीवर आडवी होऊन बाबांसारखी कुणाची तरी निंदानालस्ती करते. पण उलट्या कमी झाल्या, आणि पाठीवरचे मणके हळूहळू केसांखाली गेले. डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "भूल राहू द्या," त्या म्हणाल्या. "लगेच डोळ्यात पाणी नको. हे दुखणं जात नाही, आपल्याशी जमवून घेतं. आपणही घ्यायचं." मग इंजेक्शन भरता भरता म्हणाल्या, "धरा तिला." मी पुठ्ठीला मानेपर्यंत गुंडाळलं आणि काखेत दाबून धरलं, जबड्याखाली अंगठा. ती वळवळली नाही. त्यांनी सुई काढली, जागा चोळली, आणि गुंडाळलेल्या कापडावर हात टेकवून म्हणाल्या, "निळा छान आहे हा. कुठून घेतलात?"

"बाबांचा एप्रन आहे," मी म्हणाले. "निळा आहे हे मलाही धुतल्यावरच कळलं."